माशी, कोळ्याचा धागा आणि दहा मीटर

बंदुकीच्या नळीच्या पुढच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला मराठीत माशी म्हणतात. नळीवर येऊन बसलेली माशी डोळ्यांसमोर आणली, की हा शब्द कसा रूढ झाला असेल ते निराळे सांगावे लागत नाही. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक खाच, पुढे माशी, त्याच्याही पुढे लक्ष्य. या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणणे म्हणजे नेम धरणे. यातली खरी अडचण बंदुकीची नाही, डोळ्याची आहे. खाच डोळ्यापासून वीतभर-दोन वितींवर, माशी हाताच्या टप्प्याच्या जरा पलीकडे, आणि लक्ष्य दहा मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावरचे स्पष्ट पाहू शकतो. म्हणून जुने उस्ताद शिकवत आले, की माशी स्पष्ट दिसू दे, खाच आणि लक्ष्य पुसट राहिले तरी चालेल. चाळिशी लागलेल्या माणसाची माशीच पुसट होते, आणि त्याला दुर्बिणीचा मोह पडतो.

मोह पडायला चाळिशीच लागावी असे मात्र नाही. लोणी काळभोरला माझी बहीण दिली आहे. तिची मुलगी यंदा नववीत गेली आणि तिने नेमबाजी शिकायचे ठरवले. दाजींनी उसाच्या पैशांतून साधी स्प्रिंगची एअर रायफल घेऊन दिली. मग एक दिवस ती मला म्हणाली, "मामा, आता फक्त स्कोप हवा. पाच-सहा हजारांत बसेल असा सांगा ना." मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, भिंगांचे मला थोडेफार कळते, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले, की कोणती दुर्बीण घ्यावी याचे उत्तर किमतीच्या यादीत नाही. ही वस्तू बंदुकीवर कुठून आली आणि एअर रायफलीशी तिचे कसे जमले किंवा फिसकटले, त्या इतिहासात ते आहे.

गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे जी दुर्बीण रोखली तिने नेम धरता येणे शक्यच नव्हते. तिच्यात पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग होते. अशा रचनेत नळीच्या आत प्रत्यक्ष प्रतिमा कुठेच तयार होत नाही, त्यामुळे खूण ठेवायला जागा नाही. १६११ साली केप्लरने दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेली रचना मांडली. तिच्यात प्रतिमा उलटी दिसते, पण ती नळीच्या आत एका ठरावीक जागी पडते. त्या जागेचा उपयोग पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आला तो विल्यम गॅस्कॉइन हा इंग्लंडमधल्या लीड्स भागातला हौशी खगोलप्रेमी. १६४०च्या आसपास त्याच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ओढून ठेवला होता. तो धागा नेमका प्रतिमेच्या पातळीत आला होता, आणि गॅस्कॉइनला तारा व धागा दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसले. खाच, माशी आणि लक्ष्य यांचे जे भांडण शतकभराहून अधिक काळ चालले होते, ते एका कोळ्याने मिटवले. गॅस्कॉइनला मात्र फार अवधी मिळाला नाही; १६४४ साली इंग्लंडच्या यादवीत, मार्स्टन मूरच्या लढाईत, तो मारला गेला.

पुढची दोनशे वर्षे फुलीच्या तारा बंदुकीवर फारशा आल्या नाहीत, मोजणीच्या यंत्रांत राहिल्या. १८०२ साली लॅम्ब्टनने मद्रासजवळून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला, तेव्हा त्याच्या सुमारे अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटची दुर्बीणही याच तत्त्वावर लांबच्या निशाणावर रोखली जात होती. आपल्या जमिनींचे नकाशे अखेर ज्या मोजणीवर टेकले आहेत, तिच्या मुळाशी हा धागा आहे. रायफलीवर बसवण्याजोग्या चांगल्या दुर्बिणी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विल्यम माल्कमने १८५५ पासून बनवायला घेतल्या, आणि तिथल्या यादवी युद्धात त्या वापरात आल्या. म्हणजे स्कोप ही वस्तू जन्मली ती दारूच्या बंदुकीसाठी, शेकडो यार्डांवरच्या लक्ष्यासाठी. हे जन्मस्थान विसरले की पुढचा सगळा गोंधळ होतो.

हवेच्या बंदुकीचा वंश वेगळा. तिला आपण खेळणे समजतो, पण १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरांडोनीची हवेवर चालणारी रायफल होती. दस्त्यातच हवेची टाकी आणि एकामागून एक वीस गोळ्या. आज आपल्या हाती येते ती तिची धाकटी बहीण: दट्ट्या आणि स्प्रिंग असलेली. जर्मनीतल्या राश्टाटच्या डायना कंपनीने (स्थापना १८९०) ती जगभर नेली. आपल्याकडे ते नाव इतके रुजले, की कुठल्याही छर्ऱ्याच्या बंदुकीला 'डायना' म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत. देशी रायफलींच्या कथेत मराठी मुलखाचाही वाटा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेल्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीचे मुख्य काम सिमेंटच्या पाइपांचे, पण पुढे तिने एअर रायफलीही बनवल्या. अलीकडे ठाण्याच्या प्रिसिहोलचे नाव झाले. धातूत खोल, सरळ भोक पाडणारी यंत्रे बनवणारे हे घराणे, आणि बंदुकीची नळी म्हणजे दुसरे काय असते? कायद्याचे एवढे ध्यानात ठेवावे: २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतचा व्यास आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा असेल तर एअर रायफलीला परवाना लागत नाही. तिने पाखरे पाडणे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि लोणीच्या उसाच्या फडांत पाखरांची कमी नाही, म्हणून हे भाचीला पहिल्याच दिवशी सांगितले.

आता या दोन वंशांची सोयरीक का जमत नाही ते पाहू. दारूची रायफल झाडली की मागे धक्का देते, आणि तिच्यावरची दुर्बीण तो एकाच दिशेचा धक्का सोसायला बांधलेली असते. स्प्रिंगच्या रायफलीत चाप ओढला की जड दट्ट्या पुढे झेपावतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून रायफल मागे सरकते. आणि लगेच दट्ट्या नळीच्या तोंडाशी आपटून थांबतो, तेव्हा ती पुढे हिसका खाते. हा दुसरा, उलटा धक्का दुर्बिणीच्या बांधणीत हिशेबातच धरलेला नसतो. महागड्या शिकारी रायफलीची दुर्बीण साध्या स्प्रिंगच्या बंदुकीवर चढवली आणि काही दिवसांत तिच्या तारा तुटल्या किंवा भिंग हलले, असे घडते ते यामुळे. नाजूक वाटणारी बंदूक दणकट दुर्बीण मोडते.

दुसरे कारण भूमितीचे. कोळ्याचा धागा आणि प्रतिमा एकाच पातळीत असतील तरच डोळा हलला तरी फुली लक्ष्यावरून हलत नाही. पण प्रतिमेची जागा लक्ष्याच्या अंतराप्रमाणे बदलते. साधारण रायफलीची दुर्बीण कारखान्यात १०० यार्डांना, म्हणजे सुमारे ९१ मीटरला, जुळवून बंद करतात. ती १० मीटरवर वापरली तर प्रतिमा फुलीच्या मागे पडते, आणि डोळा मध्यापासून ढळला की फुली लक्ष्यावर सरकते. पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे असेल तर ही चूक किती होऊ शकते हे कागदावर काढता येते: भिंगाची त्रिज्या २० मिलिमीटर, गुणिले ९१ वजा १०, भागिले ९१. उत्तर सुमारे १८ मिलिमीटर. डोळा अगदी कडेला गेला तरची ही कमाल चूक आहे, पण नवशिक्याचा गाल दस्त्यावर दर वेळी निराळ्या जागी टेकतो, तेव्हा तिच्यातला बराच वाटा पदरात पडतो. हाच हिशेब २० मिलिमीटरच्या चिमुकल्या भिंगाला लावला तर चूक निम्म्यावर येते. ज्या स्वस्त दुर्बिणीला सगळे नावे ठेवतात, ती या एका बाबतीत कमी दोषी आहे. पुढच्या भिंगावर मध्ये १ सेंटिमीटरचे भोक पाडलेला पुठ्ठा चिकटवला तर कमाल चूक साडेचार मिलिमीटरच्या आत येते. उजेड तेवढा घटतो.

पुठ्ठ्यातले हे भोक मला थेट खेळाच्या इतिहासाकडे घेऊन गेले. दहा मीटर एअर रायफल हा प्रकार जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९६६ साली आणि ऑलिंपिकमध्ये १९८४ साली लॉस एंजेलिसला आला. लक्ष्यावरच्या 'दहा'च्या वर्तुळाचा व्यास अर्धा मिलिमीटर, छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा. इतके बारीक काम, आणि दुर्बिणीला बंदी! मागे खाचेऐवजी मिलिमीटरभराचे भोक असलेली चकती, ज्याला नेमबाज 'पीप' म्हणतात. पुढे माशीच्या जागी एक कडे. भोकातून पाहिले की जवळचे आणि लांबचे एकाच वेळी बरेच स्पष्ट दिसते. डोळे बारीक करून पाटी वाचणाऱ्या आजोबांना हे ठाऊक असते. शिवाय वर्तुळात वर्तुळ मध्यावर आणण्याचे काम डोळा आपसूक करतो. गॅस्कॉइनच्या आधीचा प्रश्न इथे भिंगाशिवाय सोडवला आहे.

महाराष्ट्राची नेमबाजीतली बरीच कमाई या भोकातून झाली आहे. २००० साली सिडनीत अंजली भागवत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००४ साली क्वालालंपूरला सुमा शिरूर यांनी ४००पैकी ४०० गुण केले. २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत दहा मीटरचा जगज्जेता झाला. ५० मीटरचा प्रकारही दुर्बिणीविनाच. त्यात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिचला विश्वविजेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवले. स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. लोणीचे स्टेशन त्याच रेल्वेच्या मार्गावर आहे, हे भाचीला सांगितल्यावर तिचे लक्ष जरा माझ्याकडे वळले. शालेय स्पर्धांतही रायफलीचे दोनच वर्ग असतात, 'ओपन साइट' आणि 'पीप साइट'. तिसरा नाही. दुर्बिणीवर वर्षभर सराव करून मुलगी तालुक्याला गेली असती, तर तिला दारातच दुर्बीण काढायला लावली असती आणि खाच-माशीशी तिची नव्याने ओळख करून घ्यावी लागली असती. तिच्या वयात एक वर्ष म्हणजे थोडेथोडके नव्हे.

दुर्बिणीला एअर रायफलीवर मानाची जागा देणाराही खेळ आहे. फील्ड टार्गेट हा खेळ १९८० साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात सुरू झाला. मोकळ्या रानात ८ ते ५५ यार्डांवर धातूची लक्ष्ये ठेवतात आणि अंतर सांगत नाहीत. खेळाडू दुर्बिणीचे चाक फिरवून चित्र स्पष्ट करतो आणि चाकावरच्या आकड्यावरून अंतर ओळखतो. १०० यार्डांना बंद केलेल्या दुर्बिणीत जो दोष होता, त्याचीच त्यांनी मोजपट्टी केली.

तेव्हा दाजींना मी जे लिहून दिले ते असे. पाच-सहा हजारांतली बहुतेक रक्कम छर्ऱ्यांचे डबे, कागदी लक्ष्ये आणि शिकवणाऱ्याची फी यांत जाऊ द्यावी. वर्षभर खाच आणि माशी. हात स्थिरावला की पीप घ्यावी. घरच्या मोठ्यांना हौस म्हणून दुर्बीण लावायचीच असेल, तर पुढच्या भिंगाभोवती १०, १५, २५ असे आकडे असलेले फिरते कडे हवे, आणि सर्वांत लहान आकडा १० किंवा त्याखालचा हवा. चौपट मोठे दाखवणारी पुरे. नऊपट-बारापटीत हातातला थरकापही तितकाच मोठा दिसतो. स्प्रिंगच्या रायफलीसाठी बनवली आहे, असे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे. बहुतेक एअर रायफलींवरचे खोबण ११ मिलिमीटरचे असते, पकड त्याच मापाची, एकसंध आणि मागे अडणारी खुंटी असलेली घ्यावी, नाहीतर दोन्हीकडच्या हिसक्यांनी दुर्बीण मागे सरकत राहते. दुकानातच ती टेबलावर टेकवून दहा मीटरवरच्या एखाद्या खुणेवर लावावी, हात न लावता डोळा वर-खाली हलवावा. फुली खुणेवरून सरकली तर ठेवून यावी.