वीज आणि सूर

घरांतील ध्वनियंत्रास मिळणारी वीज 'शुद्ध' करून दिली, तर त्यांतून निघणारा सूर अधिक गोड होतो काय, असा प्रश्न अलीकडे पुष्कळ गृहस्थ विचारतात. भिंतींतील प्लग आणि आपलें यंत्र यांच्या मध्यें बसविण्याची 'लाइन कंडिशनर' नांवाची पेटी बाजारांत मिळते. ती बसवितांच गवयाचा श्वाससुद्धां ऐकूं येतो, असें विकणारे सांगतात. किंमत मात्र ऐकणाऱ्याचा श्वास रोखणारी असते. पंढरपुरासारख्या गांवीं, जेथें पहाटे घरोघर अभंग लागतात, तेथें हा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या हौसेचा राहात नाहीं. पेन्शनीच्या पैशांतून स्टीरिओ घेतलेला माणूसहि त्या पेटीकडे आशेनें पाहतो. तेव्हां वीज आणि गाणें यांची गांठ केव्हां व कशी पडली, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण माझ्या मतें हा प्रश्न एके काळीं अगदीं खरा होता.

गाण्याचें यंत्र जन्मलें तें विजेवांचून. १९०२ सालीं फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजान इत्यादिकांचीं गाणीं तबकड्यांवर उतरविलीं, तेव्हां कर्ण्यापुढें उभें राहून मोठ्यानें गावें लागे. घरीं तबकडी फिरविणारी शक्ति म्हणजे किल्ली दिलेली स्प्रिंग. तिचा जोर ओसरला कीं सूर खालीं येई, म्हणून वेग आवरण्यासाठीं फिरत्या लहान वजनांचा नियामक बसविलेला असे. १९२५ नंतर ध्वनिमुद्रण विजेच्या साह्यानें होऊं लागलें, तरी ऐकणाऱ्याच्या घरची किल्ली पुष्कळ वर्षें सुटली नाहीं.

इकडे १९१५ सालीं खोपोलीचें जलविद्युत्केंद्र सुरू होऊन मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज मिळूं लागली. १९६० सालीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें, १९६२ पासून कोयनेची वीज आली, आणि तालुक्यांच्या गांवीं हळूहळू तारा पोंचल्या. ही वीज ए. सी., म्हणजे क्षणोक्षणीं दिशा बदलणारी. आपल्याकडे तिचीं सेकंदाला ५० आवर्तनें ठरलीं. अमेरिकेंत ६० आहेत. या ५० च्या आंकड्यांतच आजच्या विषयाचें मर्म सांठविलेलें आहे.

किल्लीच्या जागीं विजेची मोटर आली, तेव्हां चांगल्या यंत्रांत अशी मोटर वापरीत कीं जिचा वेग विजेच्या आवर्तनांशीं जखडलेला असे. वीज ५० आवर्तनांची असली तर तबकडी बरोबर फिरे; आवर्तनें घटलीं तर तबकडी मंदावे. ७८ फेऱ्यांची म्हणून ओळखली जाणारी तबकडीसुद्धां ५० आवर्तनांच्या विजेवर ७७·९२ आणि ६० आवर्तनांच्या विजेवर ७८·२६ फेऱ्यांची धरीत. वेग तपासण्यासाठीं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक चकती मिळे. ५० आवर्तनांचा दिवा सेकंदाला १०० वेळां लुकलुकतो. त्याच्या उजेडांत ७७ पट्ट्यांची चकती ७७·९२ फेऱ्या मिनिटाला फिरली कीं पट्ट्या जागच्या जागीं स्थिर दिसत. युक्ति मोठी सुंदर; पण तींत एक खोंच आहे. दिवा आणि मोटर एकाच तारेवर असल्यामुळें वीजच मंदावली तर दोघेंहि एकदमच मंदावतात. सूर उतरलेला असतो, आणि चकती मात्र सर्व ठीक असल्याची साक्ष देत स्थिर उभी राहते!

आतां हा उतार किती, तें पाहूं. १९५६ च्या विद्युत नियमांनींच आवर्तनांत शेंकडा ३ पर्यंत फरक चालवून घेतला होता. आपल्या शास्त्रांतील प्रमाणश्रुतीचें अंतर शेंकडा सव्वा. म्हणजे कायद्याच्या मर्यादेंत राहूनहि सूर दोन प्रमाणश्रुतींहून अधिक खालीं जाऊं शके. प्रत्यक्षांत कायदा पाळला जातोच असें नव्हतें. विजेच्या टंचाईच्या काळांत, संध्याकाळीं मागणी वाढली म्हणजे, आवर्तनें ४८ च्या आसपास उतरत. तेव्हां अर्धस्वराचा जवळजवळ पाऊण भाग गळून जाई, आणि वीस मिनिटांची बाजू संपावयास पन्नास सेकंद अधिक लागत. पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगांची तबकडी लावून एखाद्या भजनी मंडळानें तिच्याबरोबर पेटीवर चाल बसवावयाची म्हटलें, तर काय होईल? पेटीची पट्टी जागची हलत नाहीं, आणि तबकडीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधल्या फटींत अडकलेला. अशा मोटरीच्या मालकाला नव्यानें ५० आवर्तनांची वीज घडवून देणारें यंत्र त्या वेळीं मिळतें, तर त्याचा सूर निःसंशय सुधारला असता.

हें दुखणें बरें झालें तें मात्र कोणाच्या घरांतील पेटीनें नव्हे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागांत वीज देण्या-घेण्याचा हिशेब आवर्तनांशीं जोडण्यांत आला; आवर्तनें उतरलीं असतां जो ठरल्याहून अधिक वीज ओढील, त्यास जबर दर पडूं लागला. शिस्त लागली ती अशी, खिशावाटें. पुढें २००३ सालीं पश्चिमेचें जाळें पूर्वेशीं आणि २००६ सालीं उत्तरेशीं एकरूप झालें. दक्षिण तेवढी निराळी होती. चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीसारख्या ठिकाणीं ए. सी. ची डी. सी. आणि पुन्हां ए. सी. करून तिच्याशीं देवघेव चाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं जनित्रें एका तालावर फिरूं लागलीं. तो सांधा आमच्याच जिल्ह्यांत बसला, याचा इकडच्या माणसाला थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. जाळें जितकें मोठें, तितका एखाद्या कारखान्याच्या चालू-बंद होण्याचा धक्का लहान. आतां नियमाप्रमाणें आवर्तनें ४९·९० ते ५०·०५ च्या पट्ट्यांत ठेवावयाचीं असतात. एवढा फरक उत्तम कानालाहि कळणार नाहीं. शिवाय कॅसेटची मोटर डी. सी. वर चाले, आणि आजचीं अंकीय यंत्रें स्फटिकाच्या कंपनावर वेळ मोजतात. त्यांना तारेवरच्या आवर्तनांशीं कर्तव्यच नाहीं.

राहिला ध्वनिवर्धक. त्यांत आलेली ए. सी. आधीं डी. सी. केली जाते, व मोठ्या कंडेन्सरांत सांठवून तिचे चढउतार मोडले जातात. म्हणजे वीज शुद्ध करण्याचें काम यंत्र स्वतःच करतें. कंडिशनरांतील वेटोळीं व कंडेन्सर तारेवरचा बारीक खरखराट गाळतात, हें खरें. पण बऱ्या बनावटीच्या यंत्रांत तो बहुधा कर्ण्यापर्यंत पोंचतच नाहीं. ज्यास खात्री करून घ्यावयाची असेल त्यानें पाठ फिरवून बसावें, दुसऱ्याकडून पेटी कधीं जोडवून, कधीं काढवून घ्यावी, आणि वीस वेळां ओळखून दाखवावें. पेटीची किंमत माहीत असतांना कान निःपक्षपाती राहात नाहींत.

व्होल्टेजची गोष्ट निराळी. ऊंसाच्या पट्ट्यांत शेतपंप एकदम सुरू झाले कीं २३० चे १८० व्होल्ट होण्यास वेळ लागत नाहीं, आणि वळवाच्या विजांनीं यंत्र जळतें. तेथें साधा स्टॅबिलायझर आणि लाट अडविणारें साधन घेण्यांत शहाणपण आहे. मात्र तें यंत्राच्या रक्षणासाठीं, गोडव्यासाठीं नव्हे.

आणि घूं-घूं असा जो आवाज कित्येकांना छळतो, तो पुष्कळदां अर्थिंगचा दोष असतो. दोन यंत्रें दोन निराळ्या प्लगांवर असलीं कीं अर्थिंगच्या तारेचें वेटोळें तयार होतें; दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावीं, आवाज बहुधा जातो. कांहीं जण त्यासाठीं प्लगाची जाड पीन काढून टाकतात. हें प्राणावर बेतणारें आहे, कोणीं करूं नये. उलट जुन्या वाड्यांतून कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा कोठें आहे, तें शोधून काढावें. चैत्र-वैशाखांत तो कोरडा ठणठणीत पडतो; त्यांत आठवड्यास दोन बादल्या पाणी ओतावें, आणि वायरमनकडून त्याची तार एकदां तपासून घ्यावी.