शंका असेल तर 'एन' म्हणा

लिनक्सचं कर्नल कधी स्वतः कंपाईल केलंय? केलं असेल तर ते न संपणारे प्रश्न आठवत असतील. हे हवं? ते हवं? वाय, एन की एम (म्हणजे मॉड्यूल)? प्रश्नचिन्ह दाबलं की मदत येते आणि तिच्या शेवटी बऱ्याचदा एक वाक्य असतं: शंका असेल तर 'एन' म्हणा.

या मदतीचा इतिहास मजेशीर आहे. पूर्वी सगळा मजकूर 'कॉन्फिगर डॉट हेल्प' नावाच्या एकाच फाईलमध्ये असायचा. डिसेंबर २००१ मध्ये ती सांभाळणाऱ्या एरिक रेमंडने त्यातल्या 'केबी'चं 'केआयबी' म्हणजे किबीबाईट केलं. १०२४ बाईटना हे नाव आयईसी या संस्थेने डिसेंबर १९९८ मध्येच मंजूर केलं होतं, त्यामुळे बदल शास्त्रशुद्धच होता. पण कर्नलवाल्यांमध्ये जोरदार जुंपली! हा शब्द वाचणाऱ्याला माहीतच नसेल तर मजकूर स्पष्ट झाला की अवघड? आजही कर्नलच्या मदतीत दोन्ही रूपं सापडतात. असो.

२००२ मध्ये त्या फाईलचे तुकडे झाले. त्याच वर्षी 'केकॉन्फिग' आलं आणि पर्याय व त्याची मदत शेजारी-शेजारी नांदू लागले. कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच मजकूर, म्हणजे तो शिळा राहायची शक्यता कमी.

पण शब्द तरीही झिजतातच. अर्धवट तयार गोष्टींवर 'एक्सपेरिमेंटल' असा शिक्का असायचा. पुढे तो इतक्या ठिकाणी लागला, आणि डिस्ट्रिब्यूशनवाल्यांनी तो पर्याय सरसकट चालूच ठेवला, की इशाऱ्यात काही दम उरला नाही. शेवटी २०१३ मध्ये तो पर्यायच काढून टाकला.

आता आपल्या ऑफिसातली बिल्ड सिस्टीम बघा. पर्यायाचं नाव 'फास्ट मोड चालू करा' आणि मदत काय, तर 'याने फास्ट मोड चालू होतो'. धन्य! मला अशी मदत रोज दिसते. लिहिणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून त्याला हे पुरेसं वाटतं. पण मदत उघडतो तो अडलेला माणूस. बहुधा रात्री, एकटा, आणि सकाळी रिलीज. त्याला व्याख्या नको असते, निर्णय हवा असतो: हे कोणाला लागतं, चालू केलं तर काय बिघडू शकतं, आणि काहीच कळत नसेल तर काय निवडू?

तेवढं शेवटचं एक वाक्य लिहिलंत तरी पुष्कळ झालं.