अंगठा, साक्षीदार आणि ओटीपी

बंद पडलेलं खातं पुन्हा उघडण्याचा पेच इंटरनेटहून जुना आहे. 1858मध्ये ब्रिटिश अधिकारी विल्यम हर्शेलने बंगालमध्ये करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे टपाल आणि बँकेत निरक्षर खातेदाराची ओळख अंगठा आणि साक्षीदारावर उभी राहिली. गोंदियासारख्या विडी, तेंदूपान आणि धानाच्या जिल्ह्यात कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, तेव्हा साक्षीदारच खरा आधार. तो लबाडही निघे, हा आक्षेप रास्तच. पण त्याच्याशी हुज्जत घालता येई. आता मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशी कोण भांडणार? रिचार्जअभावी बंद झालेला मोबाइल क्रमांक कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, आणि खात्याची किल्ली परक्याच्या हाती जाते. मग खातेदार ओळखपत्रं घेऊन शाखेत जातो, आणि ओळख पटवायला पुन्हा माणूसच लागतो.