सुटलेल्या जागा

१९९३ च्या उन्हाळ्यात साल्झबर्ग महोत्सवात मोंतेव्हेर्दीचा 'पोपेआचा राज्याभिषेक' हा ऑपेरा सादर झाला. त्या वर्षी मोंतेव्हेर्दीच्या मृत्यूला साडेतीनशे वर्षे पूर्ण होत होती. तेव्हा निवड औचित्याला धरूनच होती. नवल होते ते वादकांचे. एरवी या महोत्सवातील ऑपेरांना व्हिएन्ना फिलहार्मोनिकची साथ असते. या वेळी त्या जागी बसला होता निकोलाउस हार्नोनकूर यांचा 'कॉन्सेन्टस म्युझिकस' हा जुनी वाद्ये वाजवणारा संच. या एका बदलामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे.

हार्नोनकूर मूळचे चेलोवादक. १९५२ साली कारायान यांनी त्यांना व्हिएन्ना सिंफनी वाद्यवृंदात घेतले. दिवसा तिथे नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात पत्नी अलिस व काही सहकाऱ्यांसह जुनी वाद्ये हाताळायची, असा क्रम १९५३ पासून सुरू झाला. पोलादी तारांऐवजी आतड्याच्या तारा, बाहेरच्या बाजूला वाक असलेला गज, झडपा नसलेले ट्रंपेट, अशी ही सामग्री. वाद्ये मिळाली, तरी ती वाजवायला शिकवणारे कुणी हयात नव्हते. शिकायचे ते सतराव्या-अठराव्या शतकातले ग्रंथ वाचून आणि खुद्द वाद्याला विचारून. पहिला जाहीर कार्यक्रम झाला १९५७ मध्ये. चार वर्षे केवळ तालीम!

या साधनेतून एक सिद्धान्त आकाराला आला. बरोक संगीत हे मुळात बोलणे आहे. त्याला वाक्ये आहेत, विराम आहेत, आघात आहेत. कारायान यांचा आदर्श याच्या नेमका उलट होता. अखंड, झळाळता, कुठेही सांधा न दिसणारा स्वरप्रवाह हे त्यांच्या वादनाचे वैभव. साल्झबर्ग महोत्सवावर कित्येक दशके प्रभाव होता तो त्यांचाच. हार्नोनकूर १९६९ मध्ये नोकरी सोडून बाहेर पडले. १९७३ पासून ते साल्झबर्गच्याच मोझार्टेउम या संस्थेत वादनपद्धती शिकवत होते. पण त्याच गावातल्या उन्हाळी महोत्सवात त्यांनी प्रथम वाद्यवृंद चालवला तो १९९२ मध्ये. कारायान १९८९ मध्ये निवर्तले होते आणि महोत्सवाची सूत्रे जेरार मोर्तिए यांच्याकडे आली होती.

मग १९९३ चा प्रयोग म्हणजे 'अस्सल' संगीताचा विजय म्हणायचा काय? इथे 'पोपेआ'च अडचण उभी करतो. हा ऑपेरा व्हेनिसमध्ये १६४३ च्या सुमारास रंगभूमीवर आला. त्याच्या स्वरलिपीची दोनच हस्तलिखिते उरली आहेत, एक व्हेनिसमध्ये आणि दुसरे नेपल्समध्ये; दोन्ही एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत. त्यांत बहुतेक ठिकाणी असते काय? गायकाची ओळ आणि खाली मंद्र स्वरांची ओळ. मधले स्वरसंवाद वादकांनी तिथल्या तिथे भरायचे. कोणते वाद्य कुठे वाजावे, याचाही जवळजवळ पत्ता नाही. सुप्रसिद्ध अखेरचे युगुलगीत मोंतेव्हेर्दीचे नसावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

वहीतल्या बंदिशीवरून ख्याल उभा राहत नाही, हे आपल्याला सांगायला नको. पण आपल्याकडे वहीच्या जोडीला गुरुमुख असते. इथे ती साखळी तुटली होती; उरली होती फक्त वही. म्हणजे जो निष्ठेने जुन्याकडे जाईल, त्याला अर्धे संगीत स्वतःच घडवावे लागेल. हार्नोनकूर यांनी ते घडवले. त्यांची वाद्ययोजना जरुरीपेक्षा समृद्ध आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. अधिक काटकसरीने 'पोपेआ' सादर करणारेही पुढे आले. दोन्ही पक्षांपाशी हस्तलिखिते तीच होती.

अमेरिकन संगीतसमीक्षक रिचर्ड टारस्किन यांनी या चळवळीवर बोट ठेवले ते याच जागी. त्यांच्या मते 'ऐतिहासिक' म्हणवणारे हे वादन वस्तुतः विसाव्या शतकाच्या अभिरुचीचे अपत्य होते. टीका झोंबणारी खरी. पण तिने हार्नोनकूर यांचे काम खोटे ठरत नाही. भूतकाळ जसाच्या तसा परत आणता येतो, असा दावा त्यांनीही केला नव्हता. आतड्याची तार आणली, तरी सतराव्या शतकाचा कान कुठून आणणार?

जुन्या वाद्यांनी जुने संगीत परत दिले नाही. सवयीने बुजलेल्या जागा मात्र पुन्हा मोकळ्या केल्या. गुळगुळीत झालेल्या वादनाला विरामाची आठवण करून दिली आणि संहिता अपुरी आहे, हे मान्य करण्याचे धैर्य वादकाला दिले. परंपरा म्हणजे जे हातात आले तेवढेच, असे मानणाऱ्यांनी आणि ती पुराव्यानिशी पुन्हा बांधता येते, असे मानणाऱ्यांनीही 'पोपेआ'च्या त्या दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेकडे पाहावे. ती कोणीतरी भरल्याशिवाय गाणे सुरूच होत नाही. आणि भरणारा नेहमी आपल्याच काळातला असतो.