चर्चच्या पाटीवरचे नाव

मुंबईत १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले अँग्लिकन सेंट थॉमस चर्च प्रेषित थोमाच्या नावाचे; कोटाच्या दरवाजाला ‘चर्चगेट’ म्हणू लागले ते त्याच्यामुळेच. मेथडिस्टांचे बोवेन मेमोरियल मात्र जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याच्या स्मरणार्थ. एकीकडे संत, दुसरीकडे सेवक.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. अँग्लिकन तीत आले, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्टही आले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. अकोला-अमरावतीकडची अलायन्स मंडळीही वेगळीच राहिली. श्रद्धा एक, भाषा मराठी, तरी रविवारच्या वाटा निराळ्या. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी पाटी वाचावी.