आईचे दूध आणि पाच अटी

मातृस्तन्याला आपण अमृत म्हणत आलो. त्या अमृतातूनही एचआयव्हीचा विषाणू बाळापर्यंत पोहोचू शकतो, हे १९८५ साली जगापुढे आले. प्रसूतीनंतर दिल्या गेलेल्या रक्तातून बाधित झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका मातेकडून तिच्या बाळाला दुधावाटे लागण झाल्याची ती नोंद होती. त्याच वर्षी अमेरिकेने आपल्या बाधित मातांना स्तनपान टाळण्यास सांगितले. घरोघरी शुद्ध पाणी असलेल्या त्या देशासाठी तो सल्ला रास्त होता. पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये भारतातील पहिले बाधित आढळले आणि हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर आला.

२००० साली जागतिक आरोग्य संघटनेने वरच्या दुधासाठी पाच अटी घातल्या. ते घरच्यांना मान्य, मातेला शक्य, खिशाला परवडणारे, पुढेही चालू ठेवता येणारे आणि सुरक्षित असावे. या अटी बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावी लावून पाहू या. मजुरीच्या पैशांतून पावडरीचे डबे किती दिवस आणायचे? ऐन उन्हाळ्यात रात्री-अपरात्री वाटी-चमचा उकळण्यासाठी पाणी आणि सरपण कोठून आणायचे? शिवाय सासू विचारणार, "अगं, पोराला पाजत का नाहीस?" खरे उत्तर द्यावे, तर घर तुटण्याचे भय. मग पुष्कळदा चोरून थोडे अंगावरचे, थोडे वरचे, आणि सोबत घुटी व मध, असा मध्यममार्ग निघतो.

नेमका हाच मार्ग अधिक घातक ठरतो. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथील अभ्यासात असे दिसले, की पहिले काही महिने निव्वळ आईचे दूध घेणाऱ्या बालकांपेक्षा मिश्र आहार घेणाऱ्यांना लागण अधिक होते. वरच्या अन्नाने बाळाच्या आतड्याचे कोवळे अस्तर दुखावते व विषाणूला वाट मिळते, असे त्याचे कारण मानले जाते. इकडे पुण्याच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले, की बाधित मातांच्या वरच्या दुधावरील अर्भकांना पहिल्या सहा महिन्यांत रुग्णालयात दाखल करण्याची वेळ फार येते. एक संकट टाळताना दुसरे ओढवत होते.

वाट निघाली ती औषधातून. पुणे, इथिओपिया व युगांडा येथील चाचण्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्तनपान घेणाऱ्या अर्भकांना सहा आठवडे नेव्हिरापिन दिल्यास त्या काळातील लागण सुमारे निम्म्याने घटते. मात्र सहाव्या महिन्यापर्यंत तो लाभ ओसरतो, असे त्यांत आढळले. संरक्षण स्तनपानाच्या संपूर्ण काळात हवे, हा त्याचा बोध. भारतात २००४ पासून मोफत उपचार सुरू झाले होतेच. २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आजन्म औषधे देण्याचे धोरण आले. उपचारांविना शंभरांतील १५ ते ४५ बालकांना आईकडून लागण होते. नियमित उपचारांनी स्तनपान चालू असतानाही हे प्रमाण पाचांखाली आणता येते. म्हणून आता सल्ला असा, की मातेने औषध चुकवू नये, बाळाला नेमून दिलेले औषध द्यावे, सहा महिने केवळ अंगावर पाजावे आणि पुढे वरच्या अन्नासोबत स्तनपान चालू ठेवावे.

कोणते दूध द्यावे, यावर जगाने पंचवीस वर्षे वाद घातला. उत्तर मात्र आईला वाचवण्यात सापडले. परंतु गोळ्यांची बाटली घरात लपवावी लागली, की औषध चुकते. आपल्या घरी कोणा सुनेला ती लपवावी लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.