देवळालीचे मास्तर आणि ६१७४

आपल्या ओळखीतले कोण पुढे प्रसिद्ध होईल, हा शिक्षकांच्या गप्पांतला नेहमीचा विषय. हुशार विद्यार्थ्यांची नावे चटकन घेतली जातात. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. वसई-विरारच्या शिक्षकांना आपल्याच पालघर जिल्ह्यातले एक उदाहरण जवळचे वाटेल.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९२९ साली पदवी घेतल्यावर ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर झाले व १९६२ साली निवृत्त झाले. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाचे पाठबळ नाही. छंद एकच, आकड्यांशी खेळण्याचा.

त्यांचा गाजलेला खेळ करून पाहू. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ते साल घ्या : २०१३. यातील अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करा. ३२१० – ०१२३ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० – ०३७८ = ८३५२. आणखी एकदा : ८५३२ – २३५८ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येते! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचते.

कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. अनेक गणितज्ञांना ती नुसती करमणूक वाटली. त्याला कारणही होते. हा गुणधर्म दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांवर अवलंबून आहे. आपल्या हातांना दहा बोटे नसती, तर ६१७४ ला हे महत्त्व आले नसते. पण म्हणून त्यातले कोडे खोटे ठरत नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते.

मधल्या २६ वर्षांत संख्या बदलली नव्हती, मास्तरही बदलले नव्हते. बदलला तो पाहणारा. मात्र गार्डनरना पाहण्याजोगे काही उरले, कारण कापरेकरांनी आपले काम पदरमोड करून पुस्तिकांत छापून ठेवले होते.

प्रसिद्ध कोण होईल हे आपल्याला ओळखता येणार नाही. नोंद मात्र ठेवता येते. वर्गात हाच खेळ तीन अंकी संख्यांवर करून घ्या. उत्तर ४९५ च का येते, याचे कारण जो विद्यार्थी शोधील, त्याची वही जपून ठेवा.